तळपायांना फरशी लागत नव्हती

माझ्या सासूबाईंच्या पायातून चप्पल निसटली आणि त्यांना ते कळलंच नाही. आम्ही सोलापुरात सिद्धेश्वराच्या देवळाकडे चाललो होतो. मार्च महिना, दुपारचे बारा वाजायला आलेले. मागून एक शाळकरी मुलगा चप्पल हातात घेऊन पळत आला, "आजी, तुमची राहिली." आईंनी खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी, खाली तापलेलं डांबर, आणि त्या वीसेक पावलं तशाच चालत आल्या होत्या.

"भाजलं नाही तुम्हाला?"

"कापूस बांधल्यासारखं वाटतंय गं पायाला," त्या म्हणाल्या. "लई दिवस झाले. घरातसुद्धा तळपायांना फरशी लागत नाही."

त्या रात्री एकेक गोष्ट बाहेर आली. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो, म्हणून त्या एका हातानं नळ धरून ठेवायच्या. सकाळी पूजेला बसल्या की तळहातावरच्या इष्टलिंगाचा स्पर्श नीट कळत नव्हता. बोटांना सतत मुंग्या. जीभ लाल आणि गुळगुळीत झालेली, त्यामुळे आमटी झोंबायची. यातलं काहीही त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांचा मधुमेह होता आणि पायांची तक्रार एकदा डॉक्टरांच्या कानावर घातली तेव्हा "साखरेमुळे होतं असं" एवढंच उत्तर मिळालं होतं. घरात आम्हीही तेच धरून बसलो. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी रक्तातलं बी-12 तपासायला सांगितलं. साधारण 200 च्या खाली कमतरता धरतात. आईंचं 112 आलं.

माझ्या मनात पहिला विचार कोणता आला, तो इथे लिहायलाच हवा. मी वेंगुर्ल्याकडची. मासे खाऊन वाढलेली. लग्न होऊन लिंगायत घरात आले आणि चौदा वर्षं या स्वयंपाकघरात एकही मासा शिरला नाही. कागदावरचा तो आकडा पाहून माझं मन म्हणालं, यांनी आयुष्यात मासे खाल्ले असते तर ही वेळ आली नसती. मग लगेच माझी आजी डोळ्यांपुढे उभी राहिली. तीही मासे खाणारी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणारी, आणि पन्नाशीत कागदासारखी पांढरी पडलेली. हिमोग्लोबिन सहा. जिना चढताना चौथ्या पायरीवर बसायची.

तेव्हापासून या दोन बायका माझ्या डोक्यातून जात नाहीत. एकीनं जन्मात मांस-मासा तोंडात घातला नाही, दुसरीच्या घरी चुलीवर माशांचं तिखलं रटरटत असायचं. दोघीही उपाशी नव्हत्या. दोघींच्याही अंगात काहीतरी संपलं होतं.

आधी आईंचं. बी-12 हे जीवनसत्त्व विलक्षण आहे. जमिनीवरची कुठलीही वनस्पती ते बनवत नाही आणि कुठलाही प्राणीही बनवत नाही. ते बनवतात फक्त सूक्ष्म जंतू. गाईच्या पहिल्या पोटात, चारा कुजवणाऱ्या जंतूंच्या गर्दीत ते तयार होतं, तिथून तिच्या रक्तात, मांसात आणि दुधात उतरतं. आपल्या मोठ्या आतड्यातले जंतूही थोडंफार बनवतात, पण ते शोषून घेणारा भाग लहान आतड्याच्या शेवटी, म्हणजे त्याच्या आधीच संपलेला असतो. तेव्हा आपल्याला ते बाहेरून खावं लागतं. गरज किती, तर दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. डाळ, ज्वारी, मेथी, शेंगदाणे, बदाम, कितीही खाल्लं तरी यातून ते मिळत नाही. इडली-डोशाच्या आंबवलेल्या पिठावरही भरवसा ठेवता येत नाही. दूध, दही, ताक, पनीर हाच शाकाहाऱ्याचा एकमेव नैसर्गिक रस्ता. अडीचशे मिलिलिटर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असतं, आणि दूध खूप वेळ उकळत ठेवलं तर त्यातलंही काही जातं.

मांसाहारी माणसाला हा प्रश्न सहसा पडत नाही. एका मध्यम बांगड्यात दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट बी-12 असतं. यकृत त्याचा साठा करून ठेवतं, तोही वर्षानुवर्षं पुरेल इतका. म्हणून तर कमतरता चोरपावलांनी येते. आईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट भर घालत होती. मधुमेहासाठी त्या घेत असलेलं मेटफॉर्मिन हे औषध बी-12 च्या शोषणात अडथळा आणतं. औषध आवश्यकच होतं. पण ते घेणाऱ्या शाकाहारी बाईचं बी-12 अधूनमधून तपासायला हवं होतं, आणि नऊ वर्षांत ते एकदाही झालं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. मज्जातंतूंवरचं आवरण झिजायला लागलं की वेळेला महत्त्व असतं, आणि आम्ही वेळ घालवला.

मी दूध हा रस्ता म्हटलं खरं. आईंच्या घरात रोज दोन लिटर दूध येतं. मग गेलं कुठे? मी एक वही घेतली आणि आठवडाभर आईंच्या पोटात प्रत्यक्ष काय जातं ते लिहून काढलं. त्यांना न विचारता लिहिलं, म्हणजे त्या बदलणार नाहीत. सकाळचं दूध मुलीला आणि मामंजींना. दही नवऱ्याच्या डब्यात. साय तुपासाठी. आईंच्या वाट्याला दोन कप चहातलं मिळून पन्नास-साठ मिलिलिटर. ताक उरलं तर, आणि ते उरत नसे.

मग त्याच वहीत मी प्रथिनांचा हिशेब मांडला, कारण "शाकाहारात प्रोटीन नसतं" हे वाक्य मी माहेरी शंभरदा ऐकलेलं होतं. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 55 किलोच्या बाईला साधारण 46 ग्रॅम. आईंच्या दिवसभराच्या तीन भाकरी, म्हणजे दीडशे ग्रॅम ज्वारीचं पीठ, त्यातून 15 ग्रॅम. तुरीची डाळ कच्ची मोजली तर 40 ग्रॅम, तिचे 9. शेंगाची चटणी दोन चमचे, शेंगदाणे वीस ग्रॅम धरले तर 5. चहातल्या दुधाचे 2. बेरीज 31.

सोलापूरचं जेवण प्रथिनांना कमी नाही. उलट मला ते फार शहाणं जेवण वाटतं. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असतं, ज्वारीत तर विशेष कमी. डाळीत ते भरपूर असतं, पण डाळीत मेथिओनिन तोकडं, आणि ते धान्यात असतं. भाकरीबरोबर आमटी, गरगट्ट्यात पालेभाजीबरोबर तूरडाळ, धपाट्यात ज्वारी-गहू-बेसन एकत्र, या जोड्या बायकांनी चवीनं जुळवल्या आणि त्या शरीरालाही जुळल्या. एकाच घासात दोन्ही हवेत असंही नाही, दिवसभरात मिळाले तरी चालतं. पण या जेवणाची अट एकच असते: डाळ पुरेशी हवी. आमटी पातळ झाली की हिशेब मोडतो. तूरडाळ महागली की आधी आमटीत पाणी वाढतं, आणि घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाटीत तळाची डाळ उरलेलीच नसते. सोलापुरातली पातळ आमटी मी चौदा वर्षं चवीनं खाल्ली. वही लिहिताना तिच्याकडे पहिल्यांदाच वेगळ्या नजरेनं पाहिलं.

मांसाची बाजू इथे निर्विवाद वरचढ आहे, ते मान्य करायला हवं. शंभर ग्रॅम मासा किंवा कोंबडी घेतली की वीसेक ग्रॅम प्रथिनं मिळतात, सगळी अमिनो आम्लं योग्य प्रमाणात, पचायला सोपी. अंड्यात सहा ग्रॅम. आजारातून उठलेल्या, दात गेलेल्या, भूक मंदावलेल्या म्हाताऱ्या माणसाला थोडक्या घासात पुरेसं पोषण द्यायचं असेल तर मासा-अंड्यासारखं सोयीचं काही नाही. तेच डाळ-उसळीतून द्यायचं तर दुपटीहून जास्त खावं लागतं आणि म्हातारपणी पोट तेवढं घेत नाही.

मग माझी आजी का पांढरी पडली?

आमच्याकडे सोमवारी शिवराक, म्हणजे मांस-माशाशिवायचं जेवण. गुरुवारी, चतुर्थीला, एकादशीला शिवराक. श्रावणभर शिवराक. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, मासेमारी बंद, तेव्हा सुकट-सोड्यांवर आणि कुळथाच्या पिठीवर दिवस निघायचे. आम्ही स्वतःला मासे खाणारे म्हणत होतो, पण वर्षाचा हिशेब केला तर निम्म्याहून जास्त जेवणं उकड्या तांदळाची पेज, कुळीथ, अळू आणि नारळ यांचीच होती. (उकड्या तांदळाचं मला फार कौतुक आहे. साळ भरडण्याआधी उकडली की कोंड्यातली ब-जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात आणि सडल्यावरही बरीचशी टिकून राहतात.) ज्या दिवशी मासे असत, त्या दिवशी तुकड्या आजोबांना, काकांना, मग आम्हा पोरांना. "खा गो, हाडां घट होतली," म्हणत आजी वाढायची. तिच्या पानात भात, रस आणि फार तर एखादी शेपटीकडची तुकडी. पाच बाळंतपणं, चिखलात अनवाणी लावणी, त्यातून पोटात शिरणारे अंकुशकृमी, आणि जेवण झाल्या झाल्या कपभर कोरा चहा.

शिवाय माशात लोह भरपूर असतं ही समजूतच मुळात खरी नाही. बांगडा-पेडव्यात ते बेताचंच असतं. लोहासाठी नावाजलेलं आहे ते मटण आणि विशेषतः कलेजी. मांसातल्या लोहाचा मोठा गुण असा की त्यातलं पंधरा ते पस्तीस टक्के अंगी लागतं. पालेभाजी-डाळीतल्या लोहाचं हेच प्रमाण दोन ते वीस टक्क्यांत हेलकावे खातं, आणि ते सोबत काय खाल्लं त्यावर ठरतं. लिंबू पिळलं, कच्चा टोमॅटो खाल्ला, कडधान्याला मोड आणले तर वाढतं. चहा प्यायला तर झपाट्यानं उतरतं. लहानपणी मी आजीच्या हातात तो कोऱ्या चहाचा कप रोज नेऊन देत होते. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. एवढ्या सगळ्या बायका काही शाकाहारी घरांतल्या नाहीत. देशात मांसाहार करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. फक्त ताटात किती पडतं आणि कोणाच्या ताटात पडतं, हे त्या "मांसाहारी" शब्दात दिसत नाही.

माझे पणजोबा परळच्या गिरणीत होते, म्हणून पुढची गोष्ट वाचली तेव्हा मी थबकले. 1928 मध्ये ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणगावातल्या गरीब गर्भार बायका विचित्र रक्तक्षयानं मरत होत्या. त्यांच्या रक्तपेशी लहान व्हायच्या ऐवजी फुगून मोठ्या झालेल्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना तिनं या बायका काय खातात ते तपासलं, तसाच निकस आहार माकडांना देऊन पाहिला. मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त, काळा, खारट अर्क त्या बायकांना दिल्यावर त्या सुधारू लागल्या. 1931 मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं द्रव्य पुढे फोलेट म्हणून ओळखलं गेलं आणि 1941 मध्ये पालकाच्या पानांतून वेगळं काढण्यात आलं. म्हणजे परळच्या त्या बायकांना जे हवं होतं, ते हिरव्या पालेभाजीत होतं, डाळीत होतं. त्यांना ते मिळत नव्हतं. ही गोष्ट वाचून मी रडले. मला तिथे माझ्याच घरातली कुणीतरी बसलेली दिसत होती.

फोलेट आणि बी-12 ही जोडी आहे. एक कमी पडलं की दुसऱ्याचंही काम अडतं. शाकाहारी ताटात फोलेट मुबलक, बी-12 नगण्य, आणि या असमतोलाचं काय होतं हे पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये दिसलं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून तिथल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आहेत. त्या आयांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींमध्ये गरोदरपणी बी-12 कमी होतं. ज्यांच्यात फोलेट जास्त आणि बी-12 कमी, त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देणारी निघाली, म्हणजे मधुमेहाच्या वाटेवर. जन्माला न आलेल्या बाळावर आईच्या वाटीतल्या दुधाचा असा परिणाम होतो, हे कळल्यावर मी माझ्या मुलीकडे बराच वेळ बघत बसले होते.

तिच्या वेळेला मला बांगड्याची वेड्यासारखी आठवण यायची. आईंना ते कळलं. त्यांनी मला काही विचारलं नाही, मुलाला सांगितलं, "तिला घेऊन जा बाहेर, खाऊ दे पोटभर." आणि गच्चीवर एक स्टोव्ह, एक तवा, एक ताटली अशी वेगळी मांडून दिली. मी तिथे अंडी करून खायची. तो तवा आजही गच्चीवरच असतो. घराची रीत मोडली नाही आणि सुनेचं पोटही मारलं नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

मांसाहाराचा पुरस्कार करायला मी हे लिहीत नाही. माझा भाऊ मुंबईत राहतो, आठवड्यात सहा दिवस कोंबडी, सकाळी सॉसेज, भाजी जवळजवळ नाही. आजीच्या घरातला मासा आणि हे खाणं यांचं एकमेकांशी काही नातं नाही. मांसात पालेभाजीसारखा तंतुमय चोथा नसतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये सॉसेज, हॅम, बेकन यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत निःसंदिग्धपणे घातलं. रोज पन्नास ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. ताज्या लाल मांसाबद्दल त्यांनी "बहुधा" असं म्हटलं आहे. ब्रिटनमध्ये सुमारे 48 हजार लोकांचा अठरा वर्षं पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. तिथल्या शाकाहाऱ्यांमध्ये हृदयरोग 22 टक्के कमी, पण पक्षाघात 20 टक्के जास्त. एका बाजूनं मिळालं, दुसऱ्या बाजूनं थोडं गेलं. अर्थात ब्रिटनमधला शाकाहारी माणूस आणि साखरेचा चहा, पांढरा भात, शेव-फरसाण यांवर दिवस काढणारा आपल्याकडचा शाकाहारी माणूस, यांना एका रांगेत बसवण्याची चूक मी करणार नाही.

हे सगळं आईंना कसं सांगायचं, हा प्रश्न मोठा होता. इंजेक्शन लिहून दिल्यावर त्यांनी विचारलं, "हे कशापासून करतात गं?" त्या आवाजातली भीती मला ऐकू आली. साठ वर्षं पाळलेलं व्रत सुईतून मोडलं जाईल की काय, ही ती भीती होती. मी त्यांना खरं ते सांगितलं. हे औषध मोठ्या टाक्यांमध्ये जंतू वाढवून करतात, दही लावावं तसं. कुठलाही प्राणी त्यात नाही. गाईलाही ते जंतूच देतात. माशाला देणारेही शेवटी पाण्यातले जंतूच. एवढंच की कॅप्सूल असेल तर तिचं आवरण बहुतेकदा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं असतं, म्हणून आपण इंजेक्शन आणि नंतर साधी गोळी घेऊ.

मासा ज्यासाठी वाखाणला जातो त्या ओमेगा-3 चीही गोष्ट अशीच आहे. मेंदूला आणि डोळ्यांना लागणारं त्याचं एक रूप, डीएचए, बांगडा स्वतः बनवत नाही म्हटलं तरी चालेल, ते समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळातून त्याच्यापर्यंत येतं. आईंच्या जवसाच्या चटणीतही ओमेगा-3 आहे, भरपूर आहे, पण ते वेगळ्या रूपातलं, आणि आपलं शरीर त्यातलं फार थोडं डीएचएमध्ये बदलतं. चटणी खायचीच. तिनं माशाची जागा पुरी भरते असं मात्र मी कुणाला सांगणार नाही.

व्रत आणि शरीर यांची ही ओढाताण थोरामोठ्यांनाही चुकली नाही. गांधीजींनी गाई-म्हशीच्या दुधाचा त्याग केला होता. 1918 च्या मोठ्या आजारपणानंतर अंग भरून येईना, डॉक्टर दुधाशिवाय उपाय नाही म्हणाले, तेव्हा शेळीच्या दुधाची वाट कस्तुरबांनी दाखवली. गांधीजींना त्याची बोचणी राहिली, आणि दुधाला वनस्पतीतला पर्याय ते पुढेही शोधत राहिले. बी-12 सापडलं 1948 मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी.

आईंना आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला अशी इंजेक्शनं झाली. आता गोळी आहे, ती जन्मभर. जीभ पंधरा दिवसांत सुधारली. तोल तीन महिन्यांत. पायांचं सगळं परत आलं नाही. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत आणि डॉक्टर म्हणतात ती तशीच राहतील. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पहाटे त्या न्हाणीघरातून ओरडल्या, "अगं, फरशी गार लागतीय!" मी धावत गेले तर त्या ओल्या शहाबादी फरशीवर उभ्या राहून एकेक पाय उचलून पुन्हा टेकवून बघत होत्या.

वहीतल्या बेरजा मी त्यांना दाखवल्या. 31 आणि 46. त्या चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिल्या. आमटी आता घट्ट होते. मटकीची किंवा हुलग्याची उसळ रोज असते, वर लिंबू. चहा जेवणानंतर तासाभरानं. या गोष्टी सोप्या होत्या. अवघड होतं ते दूध. चाळीस वर्षं दुसऱ्यांसाठी गाळलेलं दूध स्वतःच्या पेल्यात ओतताना त्यांचा हात थांबायचा. पहिले काही दिवस मीच पेला भरून समोर ठेवत होते आणि मी वळले की तो पातेल्यात परत जात होता.

परवा सकाळी मी दारातून पाहिलं. दूध उतू जायच्या बेतात होतं, मुलगी शाळेच्या घाईत "आजी, माझं दूध" म्हणत उभी. आईंनी गॅस बंद केला, ओट्यावरचा पितळी पेला जवळ ओढला, काठापर्यंत भरला आणि आपल्या उजव्या हाताशी सरकवून ठेवला. मग त्यांनी तिचा ग्लास हातात घेतला.